सॉर्बिट्रेट चालू आहे का, हे विचारायचं कुणी?

दर काही महिन्यांनी ही बातमी येते. लॉजच्या खोलीत पन्नाशी-साठीचा माणूस मृतावस्थेत सापडतो, उशाशी लैंगिक ताकदीच्या ‘त्या’ गोळ्यांची स्ट्रिप मिळते आणि शवविच्छेदनाचा अहवाल यायच्या आतच मथळा तयार होतो. मग दोन दिवस वाद. एक पक्ष म्हणतो, या वयात ही थेरं हवीत कशाला, मेडिकलवाल्यांचे परवाने रद्द करा म्हणजे अद्दल घडेल. दुसरा पक्ष थोडा शिकलेला. तो सांगतो की सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, पंचवीसहून अधिक वर्षं जगभर वापरात आहे, इंग्लंडमध्ये ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतं, आपणच उगाच सोवळं पाळतो. तिसऱ्या दिवशी दुसरी बातमी येते आणि वाद विरून जातो. मला हे दोन्ही पक्ष एकाच ठिकाणी चुकताना दिसतात. दोघांचं भांडण गोळी द्यावी की देऊ नये यावर चालतं, आणि ती देताना काय विचारलं गेलं याची चौकशी दोघंही करत नाहीत. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब असलेल्या पुरुषाला हे औषध सरसकट नाकारणं चूक आहे आणि सरसकट खुलं करणंही चूक आहे, असं माझं मत आहे. त्याला चार प्रश्न विचारणं हे डॉक्टरचं, फार्मासिस्टचं आणि अपघात विभागातल्या माणसाचं बंधनकारक काम असायला हवं. आज ते कुणाचंच काम नाही.

कायद्यानं सिल्डेनाफिल आणि त्याच गटातलं टाडालाफिल चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. स्ट्रिपच्या मागे तसं बारीक अक्षरात छापलेलं असतं. मी काही वर्षं तालुक्याच्या गावी मेडिकलच्या काउंटरमागे काढली आहेत, तिथे हे गिऱ्हाईक लांबूनच ओळखू यायचं. तो आधी पायरीशी रेंगाळतो. बायका, शेजारपाजारचे लोक पांगले की आत येतो. आधी इनोची पुडी मागतो, नाहीतर डोकेदुखीची गोळी. मग आवाज उतरवून म्हणतो, “शंभरवाली एक द्या.” एक म्हणजे एकच. स्ट्रिपमधून कात्रीनं कापलेली, कागदाच्या पुडीत गुंडाळलेली. त्या कापाकापीत औषधाचं नाव अर्धं जातं, मुदतीची तारीख बहुधा पूर्णच जाते. बिल तो मागत नाही, दुकानदार करत नाही. शंभर मिलिग्रॅम ही या औषधाची दिवसाची कमाल मात्रा. सुरुवात साधारण पन्नासनं करायची असते, आणि पासष्टीच्या पुढच्या किंवा यकृत-मूत्रपिंडाचा गंभीर त्रास असलेल्या माणसानं पंचवीसनं. पण ज्याला एकदाच ‘काम व्हायला’ हवंय तो पंचवीस कशाला मागेल? आणि “काका, छातीत दुखण्याची काही गोळी चालू आहे का?” असं कुणी विचारलंच, तर काका ‘मित्रासाठी नेतोय’ म्हणतात आणि पुढच्या वेळी पलीकडच्या दुकानात जातात. मालकाला हे ठाऊक असतं. म्हणून तो नोकराला आधीच सांगून ठेवतो, नसत्या चौकशा करायच्या नाहीत.

आता याच गावातला दुसरा माणूस घ्या. बायपास होऊन दोन वर्षं झालेली, रोज सकाळी कालव्याच्या कडेनं फिरायला जातो, औषधं वेळेवर घेतो, रिपोर्ट चांगले. तपासणीला जाताना सोबत बायको असते, कधी मुलगा. डॉक्टर फाइल चाळतात, बीपी घेतात, दोन गोळ्या पुढे चालू ठेवतात. ‘आणि काही?’ या प्रश्नाला मुलासमोर तो काय उत्तर देणार? ज्याला नीट देखरेखीखाली हे औषध सुखानं घेता आलं असतं तो गप्प घरी परततो, आणि ज्यानं त्याला हातही लावू नये त्याला ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. चिठ्ठीच्या अटीनं आजवर प्रत्यक्षात साधलंय ते एवढंच.

धोका नेमका कुठे आहे, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १८७९ मध्ये विल्यम मरेल या लंडनच्या डॉक्टरनं छातीच्या दुखण्यावर नायट्रोग्लिसरीनचा उपयोग होतो हे प्रसिद्ध केलं. तेच नायट्रोग्लिसरीन, ज्याच्यापासून आल्फ्रेड नोबेलनं डायनामाइट केला होता. पुढे खुद्द नोबेलला हृदयाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी ते लिहून दिलं, तेव्हा या योगायोगाची त्यालाही गंमत वाटली होती. पण ते काम कसं करतं, याचा उलगडा व्हायला आणखी शतक लागलं. शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंती सैलावतात, हे शोधणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ चा नोबेल पुरस्कार मिळाला. आणि त्याच वर्षी, २७ मार्चला, अमेरिकेत व्हायग्राला मंजुरी मिळाली. हे औषधसुद्धा फायझरच्या इंग्लंडमधल्या सँडविच इथल्या प्रयोगशाळेत मुळात हृदयाच्या दुखण्यासाठीच शोधलं जात होतं. चाचणीत भलताच परिणाम दिसला, आणि कंपनीनं रोख बदलला. म्हणजे सॉर्बिट्रेट (नायट्रोग्लिसरीनसारखीच, छातीच्या दुखण्यावरची नायट्रेट गटातली गोळी) आणि सिल्डेनाफिल ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत, आणि म्हणूनच एकत्र आली की घात करतात. नायट्रेट रक्तवाहिन्या सैलावणारं द्रव्य वाढवतं, सिल्डेनाफिल ते द्रव्य नष्ट होऊ देत नाही. एकानं नळ पूर्ण सोडायचा आणि दुसऱ्यानं मोरीला बोळा लावायचा, असा हा प्रकार. सिल्डेनाफिल एकटं घेतलं तर निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब आठेक अंकांनी खाली येतो, त्यानं सहसा काही बिघडत नाही. नायट्रेटसोबत मात्र तो इतका कोसळू शकतो की आधीच अरुंद झालेल्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना रक्तच पुरत नाही. म्हणून सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट द्यायचं नाही, असा नियम आहे.

हा नियम आपल्या घरांत कसा मोडतो पाहा. सॉर्बिट्रेट ही गोळी महाराष्ट्रात प्रथमोपचाराच्या डब्यात जाऊन बसली आहे. ‘छातीत दुखलं की लगेच जिभेखाली ठेवा’ असे निरोप सकाळच्या शुभेच्छांसोबत मोबाइलवर फिरतात, आणि पुष्कळ ज्येष्ठ नागरिक ती पाकिटात घेऊन हिंडतात. आता कल्पना करा. रात्री दहाला एका माणसानं ‘शंभरवाली’ घेतली. साडेअकराला छाती भरून आली, घाम फुटला. बायको घाबरून शेजारच्यांचं दार वाजवते, शेजारचे काका आपल्या डब्यातली सॉर्बिट्रेट घेऊन धावत येतात. चांगुलपणानंच येतात. त्या क्षणी खोलीत एकच माणूस असा असतो ज्याला खरं काय ते माहीत आहे, आणि तो शेजाऱ्यांसमोर, सुनेसमोर ते बोलणार नसतो. पुढे हॉस्पिटलात हीच गोष्ट पुन्हा घडते. तिथल्या तरुण डॉक्टरसमोर छातीत कळ येणारा रुग्ण आहे, नायट्रोग्लिसरीनची सलाइन हाताशी आहे, खाटेभोवती नातेवाइकांचा गराडा आहे. ‘गेल्या दोन दिवसांत ताकदीची काही गोळी घेतलीत का?’ हा प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात. नातेवाइकांना बाहेर काढायला आणखी दहा. तरी तो सर्रास विचारला जात नाही, कारण समोरचा माणूस वडिलांच्या वयाचा असतो आणि विचारणाऱ्यालाच अवघडतं. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत धोकादायक जागा हीच आहे, आणि तिच्यावर परवाने रद्द करण्याचा काडीचाही परिणाम होत नाही.

सॉर्बिट्रेट निदान नावानं ठाऊक असते. निकोरँडिल हे आपल्याकडे हृदयरुग्णांना बऱ्याचदा लिहून दिलं जाणारं दुसरं औषध. त्याच्या रेणूतही नायट्रेटचा अंश आहे, आणि सिल्डेनाफिलसोबत तेही वर्ज्य आहे. रुग्ण मात्र प्रामाणिकपणे सांगतो, ‘मी सॉर्बिट्रेट घेत नाही.’ प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा बीपीसाठी प्रॅझोसिन घेणाऱ्यांना उभं राहताना भोवळ येऊ शकते, तिथे मात्रा कमी ठेवून सावकाश जावं लागतं. एचआयव्हीवरचं रिटोनाविर, काही बुरशीरोधक औषधं आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविकं यकृताकडून सिल्डेनाफिलचा निचरा मंदावतात, म्हणजे घेतलेली पन्नास शरीरात पन्नाससारखी वागत नाही. ही यादी पाठ करण्याची रुग्णाला गरज नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून समोर ठेवल्या आणि समोरच्यानं त्या एकदा पाहिल्या की पुरे. पण समोर कुणीतरी बसलेलं हवं, आणि त्यानं पाहायला हवं.

मनाई मागणाऱ्यांची बाजू पोकळ आहे असं मी मुळीच म्हणत नाही. व्हायग्रा बाजारात आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे शंभराहून अधिक मृत्यूंच्या नोंदी आल्या. त्यांतल्या काहींनी नायट्रेट घेतलेलं होतं, आणि १९९८ च्या नोव्हेंबरात औषधाच्या पत्रकावरचे इशारे अधिक कडक करावे लागले. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात, नायट्रेट आणि सिल्डेनाफिलच्या गटातली औषधं दोन्ही लिहून दिलेल्या हृदयरुग्णांत मृत्यूचं प्रमाण केवळ नायट्रेट घेणाऱ्यांपेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढलेलं दिसलं. आता यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. १९९८ च्या अमेरिकेत व्हायग्रा फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळत होती. स्वीडनच्या अभ्यासातले रुग्णही चिठ्ठी घेऊनच औषध नेणारे होते, त्यांची नावं सरकारी नोंदवहीत होती म्हणून तर तो अभ्यास करता आला. मग चिठ्ठीनं त्यांना वाचवलं का? चिठ्ठी हा कागद आहे. तो लिहिताना काय विचारलं गेलं यावर त्याची किंमत ठरते.

उलट बाजूचा पुरावाही आहे, आणि तोही दडवण्याचं कारण नाही. डेन्मार्कमध्ये २००० ते २०१८ या काळात हृदयरुग्णांना ही दोन्ही औषधं लिहून देण्याचं प्रमाण जवळपास वीसपट वाढलं, तरी हृदयविकाराच्या घटना त्या प्रमाणात वाढल्याचं संशोधकांना आढळलं नाही. कुणी यावरून ‘नायट्रेटचं काही एवढं नाही हो’ असा निष्कर्ष काढेल, तर ती मोठी चूक ठरेल. दोन्ही औषधं घरात असणं वेगळं, एकाच रात्री पोटात असणं वेगळं. तिथल्या रुग्णांना किती तासांचं अंतर ठेवायचं हे कुणीतरी समजावलं असेल आणि त्यांनी ते पाळलं असेल, हे अगदी शक्य आहे. तसं असेल तर हा अभ्यास माझ्याच बाजूनं बोलतो.

‘हृदयरोगी’ हा एकच गठ्ठा आहे असं समजून आपण बोलतो, हीसुद्धा या वादातली मोठी गल्लत. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन इथे हृदयरोगतज्ज्ञ आणि लैंगिक आरोग्याचे तज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी रुग्णांची तीन गटांत वाटणी केली. ती पुढे वेळोवेळी सुधारली गेली, शेवटची बैठक २०२३ मध्ये झाली. बीपी आटोक्यात असलेला, अँजिओप्लास्टी किंवा बायपास यशस्वी झालेला, चालताना त्रास न होणारा माणूस पहिल्या, कमी धोक्याच्या गटात बसतो, आणि नायट्रेट चालू नसेल तर त्याला हे औषध देता येतं. बसल्याजागी छातीत दुखणं, अनियंत्रित रक्तदाब, नुकताच दोन आठवड्यांच्या आत येऊन गेलेला झटका, अगदी थकलेलं हृदय, झडपेचा गंभीर आजार हे तिसऱ्या गटाचे. त्यांना आधी हृदयाचे उपचार, बाकीचं सगळं नंतर. मधल्या गटाला ट्रेडमिलवर तपासायचं आणि मग वर किंवा खाली ढकलायचं. त्यातली एक साधी चाचणी तर आपल्या जुन्या इमारतींनी रोजच्या जगण्यात आयती घेऊन ठेवली आहे. दोन जिने झपझप चढून धाप न लागता, छातीत न दुखता वर पोहोचणाऱ्या माणसाचं हृदय साधारणपणे संबंधांचे श्रम पेलू शकतं. गिरगावातल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या साठीच्या गृहस्थाला ‘आता हे सगळं सोडा’ असं सांगणारा डॉक्टर त्याला घर सोडायला का सांगत नाही?

संबंधांच्या वेळी झटका येतो, ही भीतीही आकड्यांत तपासून पाहायला हवी. १९९६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संबंधांनंतरच्या दोन तासांत झटक्याची शक्यता अडीचपट होते असं दिसलं. अडीचपट हा शब्द भयंकर वाटतो. पण ती वाढ फक्त दोन तासांपुरती असते. वर्षाला १ टक्का धोका असलेल्या माणसाचा धोका तेवढ्यानं १.०१ टक्के होतो. नियमित व्यायाम करणाऱ्यांत ही वाढ आणखी कमी.

मग विरोधाचं मूळ खरंच वैद्यकीय आहे का? मला तसं वाटत नाही. ‘या वयात कशाला’ हा वैद्यकाचा प्रश्नच नव्हे. महाराष्ट्राला तर हे सांगायचीही गरज पडू नये. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या कामापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गमावली, आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी शिक्षा टळली नाही. तो खटला वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. कर्व्यांनी दिलेली माहिती चुकीची आहे, असा फिर्यादीचा मुद्दाच नव्हता. ती चारचौघांत सांगण्याजोगी नाही, एवढीच तक्रार होती. आज नव्वद वर्षांनंतर दवाखान्यातल्या बंद दारामागेसुद्धा आपण तीच तक्रार पाळतो आहोत, फरक एवढाच की आता खटला भरावा लागत नाही.

एक आक्षेप मात्र मला मनापासून पटतो, आणि तो या वादात क्वचितच ऐकू येतो. गोळी नवरा घेतो, बायकोला कुणी विचारलेलं असतं का? वीस-पंचवीस वर्षांच्या संसारानंतर ज्या बाईला यात रस उरलेला नाही, तिच्यावर हा ‘इलाज’ लादला जाऊ शकतो. दवाखान्यात या विषयावर मोकळेपणानं बोलायला लागलो तर तिलाही बोलायला जागा मिळेल. पुडीत गुंडाळलेल्या गोळीनं ती कधीच मिळणार नाही. एवढ्यानं तो आक्षेप संपतो असा माझा दावा नाही.

गप्प राहण्याची किंमत केवळ शरीरसुखापुरती नसते. शिश्नाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाच्या तीन-चार. चरबी साचण्याचा रोग दोन्हीकडे तोच, पण अरुंद नळीत अडथळा आधी जाणवतो. म्हणून पंचेचाळिशीत ताठरता कमी होणं हा पुष्कळदा दोन ते पाच वर्षांनी येऊ घातलेल्या हृदयविकाराचा आगाऊ निरोप असतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे, आणि मधुमेही पुरुषांत ही तक्रार इतरांहून कितीतरी जास्त. काउंटरवर ‘शंभरवाली’ मागणारा माणूस खरं तर शुगर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करायला आलेला असतो. त्याला ते माहीत नसतं, आणि आपण त्याला पुडी देऊन परत पाठवतो. दुसरं टोकही तितकंच वाईट. बीपीच्या गोळीनं ‘तसं’ होतंय अशी शंका आली की माणूस कुणाला न सांगता बीपीची गोळी बंद करतो. मेंदूत रक्तस्राव होऊन दाखल झाल्यावर बायको सांगते, दोन महिने घेतच नव्हते.

इथे डॉक्टरमंडळी एक चांगला मुद्दा काढतात: आम्ही विचारलं तर नसलेली तक्रार सुरू होते. त्यालाही आधार आहे. इटलीत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदयरुग्णांना अटेनोलॉल हे बीपी-हृदयविकारावरचं औषध दिलं. कोणतं औषध आहे हे न सांगितलेल्या गटात ३ टक्क्यांच्या आसपास पुरुषांनी शिथिलतेची तक्रार केली; औषधाचं नाव सांगितलेल्यांत १५ टक्क्यांहून जास्त, आणि असा दुष्परिणाम होऊ शकतो हेही सांगितलेल्यांत ३१ टक्के. मनाचा खेळ किती मोठा असतो पाहा. पण याच अभ्यासाचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. तक्रार झालेल्यांना सिल्डेनाफिल किंवा नुसती खोटी गोळी दिली, तर दोन्हींचा गुण सारखाच आला. म्हणजे अशा कितीतरी जणांना गोळीपेक्षा दोन शब्दांच्या दिलाशाची गरज होती. हे दोन शब्द न बोलणाऱ्या दवाखान्यातून तो माणूस कुठे जातो? पुन्हा त्याच काउंटरवर. दुष्परिणामांची यादी वाचून दाखवणं वेगळं आणि ‘या बाबतीत काही अडचण वाटली तर मला सांगा, औषध बदलता येतं’ असं म्हणणं वेगळं.

आता खुली विक्री मागणाऱ्यांकडे वळू. ब्रिटननं २०१८ च्या मार्चपासून पन्नास मिलिग्रॅमची गोळी चिठ्ठीशिवाय फार्मासिस्टकडे उपलब्ध केली. त्यामागचं कारण मला मान्य आहे: लाजणारा माणूस तसाही संकेतस्थळांवरून काहीबाही मागवत होता. त्यात मुंबईच्या अजंता फार्माची कामाग्रा ही सिल्डेनाफिलची गोळीही असायची, जिला ब्रिटनमध्ये परवानाच नाही. चोरट्या बाजारापेक्षा प्रशिक्षित माणसासमोर उभा राहिलेला बरा, हा युक्तिवाद चोख आहे. पण तिथे ‘चिठ्ठीशिवाय’ म्हणजे ‘प्रश्नांशिवाय’ नव्हे. फार्मासिस्ट हृदयाचे आजार, बीपी, चालू औषधं यांची चौकशी करतो, नायट्रेट किंवा निकोरँडिल घेणाऱ्याला गोळी देत नाही, आणि दिलेल्यालाही सहा महिन्यांच्या आत डॉक्टरला दाखवायला सांगतो. आपल्याकडे अनेक दुकानांत फार्मासिस्ट म्हणजे भिंतीवर फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. त्याचा धनी दुसऱ्याच गावी नोकरी करत असतो. अशा ठिकाणी चिठ्ठीची अट नुसती काढून टाकली तर आज चोरून होतं ते उद्या फलक लावून होईल, बदल तेवढाच. २००५ मध्ये तातडीची गर्भनिरोधक गोळी चिठ्ठीमुक्त झाली, तेव्हा ते पाऊल योग्यच होतं. पण पाठोपाठ आलेल्या टीव्हीवरच्या जाहिरातींनी ती नेहमीची गोळी असल्यासारखी घराघरात नेली, आणि ती केव्हा व किती वेळा घ्यायची हे समजावण्याचं काम जाहिरातीच्या शेवटी भरभर वाचल्या जाणाऱ्या ओळीवर सोपवलं गेलं.

धडक कारवाईचा अनुभवही महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. २०११ च्या जनगणनेत मुलींचं प्रमाण घटल्याचं दिसल्यावर इथे औषध प्रशासनानं गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर करडी नजर ठेवली. हेतू चांगला होता, जरी त्या गोळ्या ज्या आठवड्यांत घेतात तेव्हा सोनोग्राफीत लिंग कळतही नसतं. झालं असं की चौकशीचं झेंगट नको म्हणून राज्यातल्या बहुतेक मेडिकलवाल्यांनी त्या गोळ्या ठेवणंच सोडलं. चिठ्ठी हातात असलेली बाईसुद्धा दुकानं पालथी घालू लागली. उद्या सिल्डेनाफिलच्या बाबतीत हेच केलं तर चिठ्ठीवाला कालव्याकाठचा गृहस्थ तेवढा अडेल. बाकीच्यांसाठी रेल्वे रुळांकडेच्या भिंती रंगलेल्या आहेतच.

त्या भिंतींबद्दल थोडं बोललंच पाहिजे. लैंगिक दुर्बलतेवरच्या औषधांची जाहिरात १९५४ च्या कायद्यानं बंद आहे, तरी तंबूतले वैद्य आणि ‘जडीबुटी’च्या कॅप्सूल जोरात चालतात. ‘इंग्रजी औषधं वाईट, हे आयुर्वेदिक आहे’ म्हणून हृदयरुग्ण विश्वासानं तिकडे वळतो. अमेरिकेत २००७ ते २०१६ या काळात औषध प्रशासनाला ७७६ भेसळयुक्त पूरक पदार्थ सापडले. त्यांतले ४५ टक्के लैंगिक ताकद वाढवणारे म्हणून विकलेले होते, आणि या गटात सर्वाधिक सापडलेली भेसळ होती सिल्डेनाफिलची. वेष्टनावर अश्वगंधा, पोटात व्हायग्रा. अशा माणसाला ‘व्हायग्रा घेतली का’ विचारलं तर तो खरंच नाही म्हणेल. म्हणून प्रश्न विचारताना तेलमालिश सोडून पुडी, चूर्ण, कॅप्सूल असं सगळं त्यात यायला हवं.

करता येण्याजोग्या गोष्टी खर्चिक नाहीत. झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर घरी सोडताना मीठ किती, जिना केव्हा, गाडी केव्हा हे कागदावर लिहून मिळतं. त्यातच शरीरसंबंध केव्हापासून आणि कोणत्या गोळ्या सॉर्बिट्रेट-निकोरँडिलसोबत चालणार नाहीत, या दोन ओळी मराठीत छापायला कुणाची हरकत असावी? १०८ च्या रुग्णवाहिकेत आणि प्रत्येक अपघात विभागात नायट्रेट देण्याआधीचा ठरलेला प्रश्न म्हणून हा प्रश्न भिंतीवर चिकटवता येईल, म्हणजे विचारणाऱ्याला संकोच वाटणार नाही, तो भिंतीवरचं वाचतोय एवढंच. आणि दुकानांपुरतं बोलायचं, तर जिथे फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर आहे, बीपीचं यंत्र आहे आणि आडोशाला बोलायला एक खुर्ची आहे, तिथे कमी मात्रेची, न कापलेली, मराठी पत्रकासकटची चार गोळ्यांची स्ट्रिप प्रश्नपत्रिका भरून घेऊन द्यायला परवानगी असावी. प्रश्नांत अडकला तर गोळी नाही, डॉक्टरचा पत्ता. पूर्ण मात्रा आणि दीड-दोन दिवस शरीरात राहणारं टाडालाफिल चिठ्ठीवरच राहू द्यावं. यातली खरी अडचण पैशाची आहे, आणि ती मला अजून सुटलेली दिसत नाही. चार स्वस्त गोळ्यांमागे दहा मिनिटं घालवणाऱ्या फार्मासिस्टला त्या दहा मिनिटांचं काय मिळणार? डॉक्टर तपासणीची फी घेतो, फार्मासिस्टला फक्त मालावरचं मार्जिन. सल्ल्याचे पन्नास रुपये अधिकृतपणे बिलावर लावायची मुभा त्याला मिळाली, तर पायरीशी रेंगाळणारा माणूस ते द्यायला कुरकुर करेल, पण देईल, असा माझा काउंटरमागचा अंदाज आहे. इनोची पुडी तो उगाचच घ्यायचा, तिचेही पैसे द्यायचाच की.